निवळलेली बिअर

...नाही, पण मी म्हणतो, बापानं लेकीसाठी काही करायचंच नाही का? तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून घरात मी साधा पाण्याचा ग्लास उचलला तरी दोघी माझ्या हाताकडे बघतात. परवा खोकला झाला म्हणून औषधाची बाटली घेतली, तिच्यावर लिहिलेलं, ‘वापरण्यापूर्वी नीट हलवा’, तर ही स्वयंपाकघरातून धावत आली आणि बाटली काढून घेतली माझ्या हातातून. म्हणे, "द्या इकडे, तुमच्याच्यानं व्हायचं नाही ते." लेक सोफ्यावर बसून हसतेय! माझ्याच घरात, माझाच खोकला, आणि बाटली हलवायची मला बंदी... आता मला सांगा, माझं काय चुकलं?

थांबा, पहिल्यापासून सांगतो, म्हणजे तुम्हीच न्याय करा. मी पाणीवाला. पाणी विकणारा नव्हे हो! शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात अख्खी नोकरी काढली मी. नदीचं पाणी आत यायचं ते अशा रंगाचं की चहा परवडला. त्यात तुरटी सोडायची, मोठ्या टाकीत शांत उभं करायचं, गाळ आपोआप तळाला बसतो, वरचं निवळलेलं पाणी वाळूतून गाळून घ्यायचं आणि मग काचेच्या नळीत भरून उजेडाकडे धरायचं. आरपार दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर पुढे सोडायचं नाही, मग वरून कोणाचाही फोन येवो. आणि एक नियम होता माझा, भिंतीवर लिहून लावलेला, की टाकी निवळत असताना कोणी हलवायची नाही. काठावरून धपाधप चालायचंसुद्धा नाही! माझ्या हाताखाली एक होता, त्याला सगळे बारक्या म्हणायचे, अंगानं दाराएवढा. नवीन होता तेव्हा एकदा आला आणि म्हणतो, "साहेब, आज पाणी जरा असंच आहे. या दिवसांत असंच असतं." मी म्हटलं, असंच असतं असं काही नसतं. गढूळ म्हणजे गढूळ. टाकी रिकामी कर. रडकुंडीला आला होता बिचारा, पण केली. आता माझ्या खुर्चीत बसतो. तयार केला मी त्याला.

आता सवय लागते हो माणसाला. कोणाच्या घरी गेलो, पाणी पुढे आलं, की माझा हात आपसूक वर जातो, ग्लास उजेडाकडे. ही कोपरानं ढोसते, "अहो, प्या की. तपासताय काय?" हिला बोलायला काय जातं? ही इस्पितळात मेट्रन होती. ही स्वतः पाहुण्यांना बसा म्हणायच्या आधी त्यांच्या डोळ्यांखाली बोट लावून रक्त किती आहे ते बघते. त्याला म्हणायचं काळजी, आणि मी ग्लास वर धरला की तो चक्रमपणा!

तर आमची लेक. चांगली ऑफिसात होती, फिरती खुर्ची, खिडकीजवळची जागा, आणि एक दिवस आली आणि म्हणाली, नोकरी सोडली. गॅरेजच्या मागे एक शेड भाड्यानं घेतलीय मैत्रिणीबरोबर, आम्ही बिअर करणार. मी खाली बसलो. ही उभीच होती, मेट्रन बसत नाही. म्हणाली, "दारू?" लेक म्हणाली, "आई, क्राफ्ट बिअर." जणू काही क्राफ्ट म्हटलं की ती शाळेतली हस्तकला झाली! मग दोघींची जुंपली, आणि शेवटी ठरलं असं, की एक वर्ष. वर्षभरात बाहेरच्या एखाद्या माणसानं, म्हणजे नात्यातला नको, मैत्रिणीचा भाऊ नको, अगदी परक्या माणसानं तिची बिअर आपल्या दुकानात ठेवली तर ठीक. नाही ठेवली तर गुपचूप ऑफिसात परत. लेकीनं शब्द दिला. आणि शब्दाला ती पक्की आहे, तीच तर पंचाईत आहे.

मला विचाराल तर मला वाटायचं, पोरगी जिंकावी. खरं सांगतो. ऑफिसातून यायची तेव्हा पर्स टाकायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. शेडमधून येते तेव्हा हात भाजलेले, केसांना आंबूस वास, बूट ओले, आणि तोंड म्हणून बंद होत नाही. लहान असताना माझ्याबरोबर केंद्रावर यायची, नळी डोळ्यासमोर धरून ओरडायची, "बाबा, आरपार दिसतंय!" तो आवाज मी कितीतरी वर्षांनी परत ऐकत होतो. तो पुन्हा त्या खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसावा असं कुठल्या बापाला वाटेल?

वर्ष संपत आलं आणि आला हा बिअरचा महोत्सव. शनिवार-रविवार, दुसऱ्या गावात, मोठ्या मैदानावर. तिथं एक दाढीवाला येतो म्हणे, त्याच्या रेस्टॉरंटात भिंतभर नळ आहेत आणि प्रत्येक नळाला वेगळी बिअर. दर वर्षी महोत्सवातून एक नवीन बिअर उचलतो आणि आपल्या नळाला लावतो. लेकीनं सगळी आशा त्या दाढीवर ठेवली. मैत्रिणीचा नेमका पाय मुरगळला, म्हणून मदतीला आम्ही दोघं. ही म्हणाली, "मी येते, पण मी फक्त वास घेणार."

निघायच्या आधी लेकीनं मला तिची बिअर दाखवली. गव्हाची. नाव ठेवलेलं ‘धुकं’. ग्लास भरला, माझ्या हातात दिला, डोळे असे चमकतायत तिचे. मी सवयीनं वर धरला... आणि तुम्हाला सांगतो, काही दिसेना हो! पलीकडे माझं स्वतःचं बोट, ते दिसेना! मी म्हटलं, अगं, गढूळ आहे ही. तर हसून म्हणते, "बाबा, गढूळच हवी. यीस्ट मुद्दाम ठेवलंय तिच्यात, चव सगळी त्यातच असते. ही अशीच असते."

अशीच असते! आता हे वाक्य मी आयुष्यभर कोणाकडून ऐकलं? कंत्राटदारांकडून. तुरटी हलकी पाठवणारा म्हणायचा, असंच असतं साहेब. पाइप गळका जोडणारा म्हणायचा, असंच असतं. मी मनात म्हटलं, पोरीकडे गाळायचं यंत्र नाही. परवडलं नसेल. आणि बापाला कसं सांगायचं, म्हणून पोरगी हसून वेळ मारून नेतेय. आता मला सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला दुसरं काय वाटलं असतं?

बरं, तो महोत्सव! दारातच मनगटाला कागदी पट्टा बांधला, इस्पितळात बांधतात तसा, तर ही खूश. हातात एक टीचभर ग्लास दिला. आत बघतो तर तंबूच तंबू, प्रत्येक तंबूत नळ, आणि पाट्यांवर नावं तरी काय, ‘काळी मांजर’ काय, ‘सासूचा राग’ काय! आणि माणसं ग्लासात नाक खुपसून, डोळे मिटून उभी. एक जण बायकोला सांगत होता, "मला यात ओलं लाकूड जाणवतंय. आणि मागून जरा दगडी चव." अहो, पाण्याला ओल्या लाकडाची चव आली तर आम्ही रातोरात पाइपलाइन उकरायचो! इथं लोक त्याच्यासाठी रांग लावतायत!

ही वास घ्यायला म्हणून जी गेली ती गेलीच. मधून मधून दिसायची. पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "वास बरा आहे हो." दुसऱ्यांदा म्हणाली, "वासावरून कळत नाही नीट, जीभ लावावी लागते." तिसऱ्यांदा आली ती गाल लाल, चष्मा डोक्यावर, आणि म्हणाली, "त्या सासूच्या रागात संत्र्याची साल आहे, पण शेवट जरा ढिला पडतो." आणि गेली पुन्हा! संध्याकाळपर्यंत महोत्सवातले अर्धे लोक तिला नाडी दाखवत होते. चार पुरुष बाकावर ओळीनं बसवलेले, जिभा बाहेर, आणि ही म्हणतेय, "तुला पुरे आता. तू पाणी पी. तू घरी जा."

आणि मी काय करत होतो? मी लेकीच्या तंबूत उभा. ती धडाधड ग्लास भरतेय, लोक घेतायत, आणि ग्लास बघून माझा जीव कासावीस होतोय. राहवेना मला. प्रत्येक गिऱ्हाइकाला हळूच म्हणायचो, "जरा गढूळ आहे, यावेळी सांभाळून घ्या." वाईट मनानं नाही हो! लेकीच्या कानावर गेलं. तिनं मला सरळ मागे ग्लास धुवायला बसवलं.

आता रविवार सकाळ. इथं नीट लक्ष द्या, कारण सगळा खटला इथंच आहे. दाढीवाल्यासाठी लेकीनं एक खास पिंप राखून ठेवलं होतं, रात्रभर बर्फाच्या टबात उभं. स्टीलचं, बुटकं, जड. मला म्हणाली, "बाबा, मी संयोजकांकडे जाऊन येते. तुम्ही एकच काम करा. पिंप टबातून काढा, आडवं करा आणि चांगलं मागं-पुढं लोळवा. तळाला बसलेलं सगळं वर यायला हवं. मगच नळ जोडायचा. कराल ना?"

मी मान हलवली. मान हलवली मी, हे मी नाकारत नाही. पण ती गेली आणि मी त्या पिंपाकडे बघितलं... तुम्हाला सांगतो, रात्रभर गारठ्यात शांत उभं राहिलेलं पिंप! म्हणजे आत किती सुंदर निवळलं असेल याचा अंदाज आहे तुम्हाला? अशी टाकी मिळावी म्हणून आम्ही नवस बोलायचो. आणि ती मी लोळवू? ज्या माणसानं धपाधप चालल्याबद्दल बारक्याला आठवडाभर पंप-घरात बसवलं, त्यानं स्वतःच्या हातानं तळाचा गाळ वर आणायचा? माझे हात पुढेच होईनात. पिंपाला हात लावायचा आणि मागं घ्यायचा, लावायचा आणि मागं घ्यायचा. शेजारचा काळ्या बिअरवाला विचारतो, काका, जड आहे का, मदत करू? मी म्हटलं, तू फक्त टेबलाला धक्का लावू नकोस.

आणि मग मनात आलं, पोरीला एकदा तरी बघू दे की तिची बिअर निवळली की कशी दिसते ते. त्या दाढीलाही दिसू दे. मग कोण म्हणेल हिच्याकडे यंत्र नाही? अगदी हळुवार नळ जोडला. त्या पिंपात नळी तळापर्यंत गेलेली असते, म्हणजे पहिल्यांदा गाळच येणार, हे मला न सांगता कळतं. आम्ही बंद पडलेली लाइन सुरू केली की पहिलं पाणी सोडूनच देतो. तसं पहिलं सगळं सोडलं, दाट, पिवळं, गढूळ. टेबलावरचे काचेचे जग भरले. फेकणार होतो, पण फेकवेना हो, पोरीनं रात्री जागून केलेलं. म्हणून झाकून बर्फात ठेवून दिले. आणि मग नळातून आली ती... अहाहा! सोनं! ग्लास वर धरला, पलीकडच्या तंबूची पाटी वाचता येत होती त्यातून! आणि तुम्हाला सांगतो, माझ्या खिशात दाढी करायचा तुरटीचा खडा होता. होता! पण मी तो बाहेर काढलाही नाही. यावरून माझ्या संयमाची कल्पना करा. आता मला सांगा, माझं काय चुकलं?

लेक धावत आली, मागोमाग दाढीवाला. खरंच पोटापर्यंत दाढी, आवाज अगदी मऊ. लेकीनं घाईघाईत नळ सोडला आणि ग्लास त्याच्या हातात दिला. त्यानं ग्लास बघितला. मग पाटी बघितली, ‘धुकं’. मग पुन्हा ग्लास. मग ग्लासातून पाटी बघितली, ती स्वच्छ वाचता येत होती. म्हणाला, "धुकं कुठं आहे?"

लेकीचा चेहरा पांढरा पडला. त्यानं एक घोट घेतला, माणूस चांगला होता, म्हणाला, "वाईट नाहीये. पण ही गव्हाची बिअर नव्हे. हिच्यात काहीच राहिलेलं नाही." ग्लास अलगद खाली ठेवला आणि गेला पुढच्या तंबूत.

लेक माझ्याकडे वळली. मला वाटलं, ओरडेल. मेट्रनची मुलगी आहे, आवाज आहे तिला. तर हळूच म्हणाली, "बाबा, लोळवलंत ना?" मी तो ग्लास टेबलावरून उचलला. मग ती खोक्यावर बसली आणि टेबलावरचं कापड काढून त्याच्या घड्या घालायला लागली. दुपारसुद्धा झाली नव्हती हो, महोत्सव चालू होता, आणि ही आवरायला लागली. घडी घालायची, उलगडायची, पुन्हा घालायची. मी तिथं उभा, हातात तो आरपार दिसणारा ग्लास, आणि त्यातून मला माझी पोरगी स्पष्ट दिसत होती. तुम्हाला सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तेवढ्यात ही आली डुलत. हिला काय झालंय त्याचा पत्ताच नाही. बर्फातला जग उघडला, स्वतःच्या टीचभर ग्लासात ओतून घेतलं, जीभ लावली आणि म्हणाली, "अगं बाई, ही कोणाची? काल तुझी प्यायले त्याहून दाट. कुठल्याच तंबूत अशी नाही. जरा अतीच आहे, पण चव आहे हिच्यात."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सगळी चव त्या बर्फातल्या जगात होती. मी फेकली नव्हती!

मग मी काय केलं विचारता? एका हातात गाळाचा जग, दुसऱ्या हातात नळाच्या निवळलेल्या बिअरचा जग, आणि पळत सुटलो. या वयात! गर्दीतून, गुडघे कुरकुरतायत, "बाजूला व्हा, बाजूला व्हा," लोकांना वाटलं आग लागली. एक जण म्हणाला, काकांना पुरे झाली. त्या ओल्या लाकडावाल्याला धक्का लागला, त्याचा सगळा दगड सांडला. दाढी कुठं दिसेना. शेवटी सासूच्या रागापाशी गाठलं. धाप लागलेली. मी म्हटलं, साहेब, चूक बिअरची नाही, माझी आहे. पोरीनं हलवायला सांगितलं होतं, मी नाही हलवलं. मी पाणीवाला आहे, मला जमलं नाही.

भोवती माणसं जमली. मी एक मोठा ग्लास मागून घेतला आणि सगळ्यांसमोर, माझ्या या हातानं, त्या स्वच्छ, नितळ, सोन्यासारख्या बिअरमध्ये तो गाळ ओतला. ओतला! आणि वर ग्लास गोल गोल फिरवला. अख्ख्या नोकरीत जे पाप केलं नाही ते भर मैदानात केलं, आणि लोक टाळ्या वाजवतायत. उजेडाकडे धरला. पलीकडचं काही म्हणता काही दिसेना. मी म्हटलं, हे घ्या तुमचं धुकं.

दाढीनं वास घेतला, घोट घेतला, दाढीवर बोट फिरवलं, आणखी एक घोट. जीव टांगणीला लागलेला माझा. म्हणाला, "गॅस जरा गेलाय. पण हां... ही आहे." मग माझ्याकडे बघून म्हणतो, "लावतो मी नळाला. पण काका, माझ्या पोरांना ही भानगड जमायची नाही, ती विसरतात. दर शनिवारी येऊन पिंप लोळवून कोण देणार?"

मागे बघितलं तर लेक उभी, धापा टाकत, तिच्या मागे ही, हिच्या मागे दोन पेशंट. लेकीनं माझ्याकडे बघितलं. आता बापानं काय म्हणायचं?

तर तेव्हापासून दर शनिवारी मी त्या रेस्टॉरंटात असतो. मागच्या दारानं जायचं, एप्रन बांधायचा, पिंप आडवं घालायचं आणि लोळवायचं. पुढे, मागे, पुढे, मागे. लेक शिकवून गेलीय, वर स्वतः येऊन तपासते. ग्लास उजेडाकडे धरते आणि म्हणते, "बाबा, अजून दिसतंय पलीकडचं. परत लोळवा." मेट्रन काउंटरपाशी बसते, वास घ्यायला. माझी तक्रार नाही. पोरगी शेडमध्ये आहे, तोंड बंद होत नाही तिचं, झालं तर मग.

पण गेल्या शनिवारी काय झालं सांगतो आणि थांबतो. लोळवून नळ जोडला, हात पुसत बाहेर आलो, तर कोपऱ्यातल्या टेबलावर एक दाराएवढी पाठ. बारक्या! बायकोला घेऊन जेवायला आलेला. पुढ्यात लेकीची बिअर. आणि बघतो तर पठ्ठ्यानं ग्लास उचलला, उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला... मी जागच्या जागी गोठलो. त्यानं वेटरला बोलावलं. "हे परत न्या. गढूळ आहे." वेटर म्हणाला, "सर, ही अशीच असते." तर बारक्या खुर्चीतून अर्धा उठला आणि काय आवाज लावला त्यानं, अगदी माझा आवाज हो, माझाच! "अशीच असते असं काही नसतं. गढूळ म्हणजे गढूळ. पिंप रिकामं करा!"

मग त्याची नजर माझ्यावर गेली. एप्रनवर गेली. गडबडून उभा राहिला. "साहेब? तुम्ही इथं? बघा ना साहेब, तुम्हीच तर शिकवलंत मला... आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?"

डोळे भरून आले माझे. काउंटरपाशी ही बघतेय, दारात लेक बघतेय. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, खाली बसवला आणि ग्लास त्याच्या हातात परत दिला.

म्हटलं, "काही चुकलं नाही रे बाबा तुझं. हलव आणि पी."